बारा ते तीन

मला चार मुलं. चौघांपैकी एकालाच मी घड्याळावर पाजलं, थोरल्याला. बाकीची तिघं रडली तेव्हा प्यायली, झोपली तेव्हा झोपली. कुणी कारण विचारलं, तर पहिल्याच्या वेळी हौस असते, पुढे हौस राहत नाही, असं म्हणून मी विषय बदलते. हे उत्तर इतक्या वेळा दिलं आहे की आता ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. खरं उत्तर माझ्याशिवाय एकाच बाईला माहीत होतं, आणि तिलाही ते आता माहीत नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा मेहकरला होतो. यजमान तहसील कचेरीत कारकून होते. नदीच्या उतारावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे परस, परसात एक निंब. बाळंतपणासाठी सासूबाई खेड्यावरून आल्या होत्या. धुण्याभांड्याला एक बाई यायची, माझ्याच वयाची. मी मराठी सातवी पास, लग्नाआधी वर्षभर मुलींच्या शाळेत शिकवलेलं. आपण चार बायकांपेक्षा वेगळ्या आहोत, असं मनात होतं. तोंडाने कधी म्हटलं नाही. पण होतं.

मूल महिन्याचं झालं तेव्हा सरकारकडून एक तपासनीस बाई आली. पायात बूट, हातात छत्री. गावातल्या बाळंतिणींना भेटी देणं हे तिचं काम. तिने मुलाला तराजूच्या झोळीत घालून तोललं आणि नागपूरहून छापून आलेलं एक चोपडं माझ्या हातात दिलं. सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ. एका बाजूला दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला दहा. रात्री काही नाही. मधे रडलं तर उचलायचं नाही. रडण्याने छाती मजबूत होते आणि उचलण्याने मूल लबाड होतं, असा एकंदर मजकूर. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच हे करू शकाल," असं ती म्हणाली. तिचं हे वाक्य मी पुढे किती दिवस चघळलं, ते सांगायला लाज वाटते.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "घडी पाहून गाय तरी पान्हावते का वं? वासरू हंबरलं का पान्हावते."

"आपण गाई नाही."

"तं मंग काय आहोत?"

यजमान हसले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं.

सकाळचं आणि संध्याकाळचं जमे. रात्रीचं सासूबाईंनी चालू दिलं नाही. अंधार पडला की चोपडं मिटायचं, असा त्यांचा हुकूम होता. अडायचं ते दुपारी. बारा ते तीन. चैत्र सरत आलेला. कचेरीच्या तासाचे बारा टोले पडले की पाजायचं, आणि एक वाजत नाही तोच मूल रडायला लागायचं. सासूबाई मधल्या खोलीत आडव्या झालेल्या असत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसे. त्या उन्हात सगळं गाव झाकण घातल्यासारखं बंद, आणि त्यात ते एक रडणं. मी उंबऱ्यावर पाठ करून बसायची. चोळी भिजून पदर भिजायचा. घड्याळाचा काटा पाहायचा नाही म्हणून परसातल्या निंबाकडे पाहायची, आणि थोड्या वेळाने निंबाची पानंही हलायची थांबली आहेत असं वाटायचं.

पंधरा दिवसांत अंगाने वेळ धरली. मुलाच्या रडण्याने पान्हा येईना, टोल्याने यायला लागला. एकदा शेजारणीकडे बसले होते, मूल घरी. कचेरीचा तास वाजला आणि भरल्या घरात माझी चोळी भिजली. शेजारीण बघतच राहिली. म्हणाली, "कोनासाठी आला वं हा?"

मूल रडायला लागलं की परसात भांडी घासणारी ती बाई थांबायची. राखेचे हात तसेच धरून बसायची. एकदा मी तिला विचारलं, "काय झालं?"

"मह्या बी चोळीले वल आली बाई," ती म्हणाली. मी पाहिलं. खरंच आली होती. तिची तान्ही मुलगी गेल्या हंगामात गेली होती. दूध आटून पाच महिने झाले होते.

त्या दुपारी तिने मला ते सांगितलं. कापूस वेचायच्या दिवसांत बायका तान्ह्या मुलांना अफूचा कण चाटवून बाभळीच्या झोळीत निजवतात. ओळ संपेपर्यंत मूल उठत नाही. तिनेही दिली. "तिळाएवढी देली बाई. सगळ्याच देतात. सांजच्याले झोळीत हात घातला तं थंडगार." घरी तिने सांगितलं, बाहेरची हवा लागली. नवऱ्यालासुद्धा खरं सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण तिला एक विचारायचं होतं.

"बाई, तुमच्या त्या पुस्तकात लिवलं आहे का? किती देली तं उठत नाई?"

मी म्हटलं, तसलं यात काही नाही. ती हो म्हणाली आणि पुन्हा भांडी घासू लागली.

यापुढचं मी आजवर नेहमी असं सांगत आले की मुलाच्या पोटात अफू गेली. जशी काही ती चालत गेली. दिली मी.

तपासनीस बाईने निरोप पाठवला होता की गुरुवारी एक वाजता ती गावातल्या पाच-सहा बायका घेऊन येईल. नियमाने वाढणारं मूल मधे रडत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. एक वाजता. तीच नेमकी वेळ. मी तिला दुसरी वेळ सांगू शकले असते. मूल रडतं, हे सांगू शकले असते. यातलं काहीच केलं नाही. सासूबाई गुडघ्यांच्या कळांसाठी रोज सकाळी अफू घेत. डबी फळीवर असे. अफूच्या ठेक्यावरून ती आणायला भांडीवाल्या बाईलाच पाठवत. त्या दिवशी बारा वाजता मुलाला पाजलं. बाई नदीवर धुणं घेऊन गेली होती, सासूबाई घोरत होत्या. मी डबी काढली. नखावर घेतली. तिळाच्या निम्मी, तीळ किती होतो ते मला माहीत होतं. सहाणीवर माझ्याच दुधात उगाळली आणि बोट मुलाच्या तोंडात दिलं. त्याने ते चोखलं.

बायका आल्या. मूल पाळण्यात निपचित. तपासनीस बाई हळू आवाजात म्हणाली, "पाहा." एक म्हातारी वाकून वाकून पाहत होती. ती म्हणाली, "लईच शिस्तीचं लेकरू आहे माय. श्वास बी इचारून घेते." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी कुणी येणार नव्हतं. तरी दिली. मला हे सांगायचं आहे. पहिल्या दिवसाला काही ना काही कारण होतं. दुसऱ्या दिवशी फक्त ते रडणं नको होतं.

असे अकरा दिवस गेले.

घर शांत झालं. आधी बरं वाटलं. मग कान त्या शांततेकडेच लागून राहायला लागले. पाळण्यात मूल अर्ध्या उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत पडलेलं असे. माशी गालावरून ओठावर जाई, तरी त्याचा चेहरा हलत नसे. डोळ्यांच्या बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. भर उजेडामुळे असेल, असं मी मनाशी म्हणे. तीनचे टोले पडले की मी उचलून घ्यायची. दूध सुरू झालेलं असायचं आणि तोंड उघडायचं नाही. दूध त्याच्या गालावरून कानात उतरायचं. मी पुसायची आणि चोपड्यात सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं मोजायची.

सासूबाई एकदा पाळण्याची दोरी हातात धरून नुसत्याच बसल्या. म्हणाल्या, "लेकरू घरात आहे अन् घर लेकराचं वाटत नाई."

आमच्याकडे तान्हं मूल झोपेत हसलं की सटवाई त्याला खेळवते म्हणतात. भांडी उचलायला आत आलेली ती बाई पाळण्याशी थांबली. "बाई, लय दिस झाले. याले सटवाईनं हासवलं नाई."

"तू दिवसभर त्याच्याजवळ असतेस का?"

"नाई." मग ती वाकली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा माझ्याकडे पाहत होती. "कडू वास येऊन राह्यला."

"जायफळ उगाळलं होतं."

"हो," ती म्हणाली.

शेवटच्या दोन-तीन दिवसांतली एक गोष्ट आहे. ती लिहू की नको, असं झालं होतं. दुपारी मी मधल्या दारात बसले होते. मूल झोपलेलं. आणि रडणं ऐकू आलं. तान्ह्याचं, अगदी बारीक, दम लागलेलं. मी उठून पाळण्यात पाहिलं. तोंड मिटलेलं, ओठावर वाळलेलं दूध. रडणं चालूच होतं. ते घरातून येत नव्हतं, आणि बाहेरून येत होतं असंही म्हणता येत नव्हतं. मी परसाच्या दारात गेले. ती बाई तांब्या हातात धरून थांबली होती. मान एका बाजूला कललेली, मूल रडायचं तेव्हा कलायची तशीच. आमची नजरानजर झाली. थोड्या वेळाने ते थांबलं, आणि आम्हा दोघींच्याही चोळ्या भिजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही मी डबी काढली.

अकराव्या दिवशी तीन वाजले आणि मूल उठलं नाही. ओठ निळसर. एक श्वास आला, मग मी दहापर्यंत मोजलं, तेव्हा दुसरा आला. मी ओरडले. यजमानांना कचेरीतून बोलावलं, ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊनच आले. डॉक्टरांनी दिवा डोळ्यांपाशी धरला आणि म्हणाले, "अफू. कोणी दिली?"

डॉक्टर सोडून खोलीत आम्ही चौघं होतो. यजमान, सासूबाई, मी आणि पाण्याचं भांडं घेऊन उभी असलेली ती.

"मही डबी तं फळीवर राह्यते," सासूबाई म्हणाल्या. "आणते ही."

बोलायची वेळ माझी होती. मी बोलले. म्हटलं, "हिने आपल्या मुलीला दिली होती."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. मी खोटं बोलले नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. लांबून कुणी हाक मारली तर माणूस वळून पाहतं, तसं. यजमानांनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. सासूबाई अंगावर धावल्या. "रांडे, आपली खाल्ली अन् आता माह्या वंशावर आली का?"

"म्या नाई देली," ती म्हणाली. एकदाच. नंतर किती विचारलं तरी बोलली नाही. बाईने दिली, असं ती म्हणू शकत होती. तिला माहीत होतं. ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी नाही म्हटलं असतं.

डॉक्टरांनी तळवे चापटून, घशात काळी कॉफी घालून, उभं धरून फिरवून मुलाला जागं ठेवलं. दिवेलागणीला ते रडलं. मी त्याला छातीशी धरलं, तेव्हा किती वाजले होते ते मला माहीत नाही. तपासनीस बाईचं चोपडं सासूबाईंनी चुलीत घातलं.

आठ दिवसांत गावभर झालं. तिला कुणी काम देईना. ती गल्लीतून गेली की बायका मुलं आत घेत. तिच्या नवऱ्याला मुलीचं खरं असं चव्हाट्यावर कळलं. अमावास्येच्या आत ते कुटुंब मेहकर सोडून गेलं, कुठे ते मी विचारलं नाही. थोरला वाढला, शिकला, आता अकोल्याला नोकरीवर आहे. तो कमी बोलतो. लोक म्हणतात, आईवर गेला.

आमची बदली होऊन आम्ही खामगावला आलो. सासूबाई गेल्या. आमच्याकडे पिंपळगाव राजाहून एक माळीण भाजी घेऊन येते. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं बाळ आमच्याकडे होतं. माळणीने त्याला पाहून सहज सांगितलं, "आमच्या गावी एक म्हातारी आहे. सोताच्या नातवाले बी हात लावत नाई. म्हन्ते, मह्या हाताले इख आहे. पयले मेहेकरले व्हते म्हन्तात."

मी महिनाभर गेले नाही. मग गेले.

घर गावाच्या कडेला होतं. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हातारी कसली, माझ्याच वयाची; केस मात्र सगळे पांढरे. तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर झोळी बांधलेली, झोळीत तान्हं मूल.

"मेहेकरच्या बाई ना?" तिने मला पाहताच ओळखलं. "लेकरू कसं आहे?"

तिने पहिलं हेच विचारलं. मी सांगितलं, अकोल्याला आहे, लग्न झालं.

"जगलं," ती म्हणाली. "मले मालूम व्हतं, जगलं म्हून."

झोळीतलं मूल रडायला लागलं. ती शेंगा सोलत राहिली. हात लांब केला असता तर दोरीला लागला असता. आतून सून पिठाच्या हातांनी धावत आली, कोपरांनीच मुलाला उचललं आणि उभ्यानेच हलवू लागली. सासूला काही म्हणाली नाही. त्या घरात तशी रीतच झाली असावी.

मी तिथेच बोलले. पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "त्या दिवशी मी खरं सांगितलं नाही. अफू तू दिली नव्हतीस."

ती हसली. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "म्या देली ना बाई. चांगली आठोते मले. दुपार व्हती. म्हातारी घोरून राह्यली व्हती. फळीवरची डबी काढली, नखावर घेतली, तिळाच्या अर्धी. सहाणीवर तुमच्या दुधात उगाळली अन् बोट त्याच्या तोंडात देलं. कसं चोखलं त्यानं ते!" आणि तिने उजव्या हाताचं ते बोट मला दाखवलं.

दुधात उगाळल्याचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

नदीवरून ती लवकर परतली होती का? परसाच्या दारातून पाहत होती का? आणि पाहता पाहता, इतक्या वर्षांत, माझ्या जागी कधी येऊन बसली? मी म्हटलं, "ते बोट माझं होतं. तू नदीवर होतीस. मी दिली. अकरा दिवस दिली."

तिचा चेहरा बदलला. शेंगांचं सूप तिने बाजूला सारलं. "काऊन असं बोलता बाई? माह्या पापात वाटा मांगाले आल्या का?"

"पाप माझं आहे."

"एकीले देली, ते गेली. दुसऱ्याले देली, ते जगलं." ती म्हणाली. "ते जगलं म्हून म्या जगली. म्हटलं, सगळीच मरत नाईत मह्या हातानं. ते बी नेता का आता? मंग माह्यापाशी काय राह्यते? थंडगार ते एकच."

मी तिचं ओझं उतरवायला निघाले होते. त्या ओझ्यातला कुठला दगड तिने कशाला टेकवून ठेवला आहे, हे मला कुठे माहीत होतं?

सून मूल घेऊन जवळ आली. मघापासून ऐकत होती. "बाई, खरं सांगता का तुमी?"

"हो."

"मंग इतकी वर्सं काऊन नाई सांगतलं?"

मी काही बोलण्याच्या आत ती वळली आणि तिने मूल सासूच्या मांडीवर ठेवून दिलं. "आत्याबाई, घ्या याले. भाकरी करपून राह्यली माही."

भाकरीचा वास कुठेही नव्हता.

सासूने दोन्ही हात झटकन खांद्यापर्यंत वर उचलले, विस्तवाला लागल्यासारखे, आणि तसेच वर धरून ठेवले. मूल रडायचं थांबून तिच्या लुगड्यात तोंड खुपसत दूध शोधू लागलं. मांडीवरून ते घसरायला लागलं. मी हात पुढे केला.

"तुमी नोका धरू," सून मला म्हणाली.

आम्ही दोघी उभ्या राहून पाहत होतो. तिचे हात वरच होते, बोटं फाकलेली. ती मुलाकडे पाहत नव्हती, समोर रस्त्याकडे पाहत होती. फक्त तिचे गुडघे हळूहळू वर आले, आणि मूल घसरायचं थांबून तिच्या पोटाशी टेकलं.